बाण छापलेली वायर

माझ्या भाऊजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, गाणी ऐकायच्या यंत्रासाठी एक वायर विकत घेतली. स्पीकरची नव्हे. भिंतीतल्या सॉकेटमधून यंत्रात वीज नेणारी, पॉवरची. दीड मीटर लांब. तिच्या किमतीत मी रोह्यात दोन खोल्यांचं वायरिंग करून दिलं असतं आणि वर पंखेही टांगून दिले असते. अंगठ्याहून जाड, निळ्या जाळीदार वेष्टनातली ती वायर मखमली डबीत बसून आली होती. पिनांना सोनेरी मुलामा होता. आणि तिच्या अंगावर बाण छापलेले होते, वीज कुठल्या दिशेने जाते ते दाखवायला.

मी चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं. घरं केली, भाताच्या गिरण्या केल्या, डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली शिफ्टमध्ये केबली ओढल्या. आपल्या घरात येणारी वीज एका दिशेने जात नाही. ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे करते. हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. तिने त्या बाणाकडे बघून काय करायचं? भाऊजी मात्र तो बाण मला बोटाने दाखवत होते, आणि मी मान डोलवावी अशी त्यांची अपेक्षा होती. मी डोलवली नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

मी त्यांना म्हणालो, "भाऊजी, डीपीपासून तुमच्या गल्लीतल्या खांबापर्यंत उघडी तार आहे. तिच्यावर कावळे बसतात. खांबापासून तुमच्या घरापर्यंत काळी सर्व्हिस वायर आहे, तिला मधे एक जोड आहे, तो मी स्वतः बघितलाय. भिंतीत मी घातलेली साधी वायर आहे. एवढ्या सगळ्यातून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये सुधारणार होय?"

"तुला ऐकू येत नाही म्हणून फरक नाही, असं होत नाही," भाऊजी म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. मोबाइलवर कुणीकुणी लिहिलेलं ते तासन्‌तास वाचायचे. नवीन वायर लावल्यावर शांतता अधिक काळी झाली म्हणे. बासरीभोवती हवा खेळायला लागली म्हणे. आवाज स्वच्छ झाला म्हणे. 'स्वच्छ' हा त्यांचा लाडका शब्द, दिवसातून वीस वेळा तरी तोंडात. स्वतःचं जेवलेलं ताट त्यांनी कधी उचललं नाही, पण आवाज स्वच्छ पाहिजे.

असल्या वायरीने फरक पडतो असं मला कुणी म्हणालं, तर मी एरवी सोडून दिलं असतं. लोक कशावरही पैसे उडवतात. पण या वायरीपायी माझी बहीण, एकसष्ट वर्षांची बाई, आपलं पेणचं घर सोडून रोह्याला माझ्याकडे आली. ती परत जाणार की नाही, हा माझ्या घरातला एकमेव प्रश्न होऊन बसला. आणि त्या प्रश्नाची वाट मीच लावली, म्हणून हे लिहितोय.

ताई लग्नाआधी आमच्या आळीतल्या बायकांच्या भजनात पेटी वाजवायची. शिकवलं कुणी नव्हतं, ऐकून ऐकून बसवलं होतं. पेटीचा एखादा सूर जरा उतरला की बुवांच्या आधी तिला कळायचं, आणि ती भर भजनात तोंड वाकडं करायची. त्यावरून आईचा मारही खाल्लाय तिने. लग्न झालं, ती पेणला गेली, पेटी आमच्या माळ्यावर राहिली. सासरी पेटीची गरज नव्हती. तिथे भाऊजींचं यंत्र होतं.

भाऊजी पेणच्या एका कचेरीत मोठ्या खुर्चीवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढची खोली यंत्राला देऊन टाकली. मधोमध एकच खुर्ची. सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा भाऊजी 'ऐकायचे'. तेवढा वेळ फ्रीज बंद, मिक्सर बंद, पाण्याची मोटर बंद, कारण त्यांच्यामुळे वीज मळते. मी चाळीस वर्षांत सगळ्या प्रकारची वीज हाताळली, मळलेली वीज बघितली नाही. ताई दहाच्या आत वाटण करून ठेवायची. राहिलंच तर पाट्यावर, आणि पाटासुद्धा मागच्या पडवीत नेऊन, आवाज होऊ नये म्हणून. वैशाखात दूध नासायचं. एकदा मी गेलो तेव्हा ती माझ्याशी खाणाखुणा करून बोलली. मला आधी वाटलं घरात कुणी आजारी आहे.

मी तेव्हा मूग गिळून बसलो. बहिणीच्या नवऱ्याशी चढ्या आवाजात बोलायचं नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ते मी पाळलं, याचा मला भाऊजींपेक्षा जास्त राग येतो.

त्या घराचं वायरिंग माझंच. एकोणीस वर्षं झाली. भाऊजींना तेव्हा अर्थिंग म्हणजे फुकटचा खड्डा वाटत होता. "दिवे लागतात ना? मग झालं," असं त्यांचं म्हणणं. मी जुमानलं नाही. मागच्या दारी, धुण्याच्या दगडाच्या पलीकडे, माझ्या हाताने पुरुषभर खोल खणलं. तांब्याची प्लेट पुरली, भोवती कोळसा आणि जाडं मीठ भरलं. मिठाची गोण खाडीकडच्या मिठागरातून सायकलवर घालून आणली होती. वर नरसाळं बसवलेला पाइप ठेवला, पाणी घालायला. अर्थिंग ओल्या मातीत चालतं. यंत्रात वाट चुकलेली वीज अर्थच्या वायरीने खाली उतरते आणि जमिनीत मुरते. माती वाळली की तिला जायला जागा राहत नाही, मग ती यंत्राच्या पत्र्यावर बसून राहते. पावसाळ्यात प्रश्न नसतो, उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. एवढं सगळं ऐकायला भाऊजी थांबले नव्हते. मी ताईला सांगितलं, "दिवाळी सरली की अधनंमधनं बादली ओतत जा गो ताई." ती "व्हय" म्हणाली. मी घरी आलो आणि विसरून गेलो.

यंदा होळीनंतर चार दिवसांनी ताई एसटीतून एकटी उतरली. हातात एक पिशवी, ती पण नीट भरलेली नव्हती. माझ्या बायकोने पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "वन्सं, असं अचानक?" ताईने अर्धा तांब्या संपवला आणि मग सांगितलं.

वायर आली त्या दिवशी भाऊजींनी तिला खोलीत बोलावलं आणि त्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर ती जन्मात पहिल्यांदा बसली. त्यांनी एकच गाणं दोनदा लावलं, आधी जुन्या वायरीवर, मग नव्या. "सांग आता, काय फरक वाटतो?" ताईने डोळे मिटून, मनापासून ऐकलं होतं. तिने खरं ते सांगितलं. "दोन्हीला सारखाच हाय."

"तुझ्या कानांना काय कळणार," भाऊजी म्हणाले. "मिक्सरचे कान तुझे."

ताई उठली. गॅसवर डाळ होती, तो बंद केला. पिशवी भरली आणि निघाली. ती दारातून बाहेर पडताना गाणं तिसऱ्यांदा लागलं होतं.

आमच्याकडे रुसून माहेरी आलेली बाई आपल्या पायांनी परत जात नाही. नवऱ्याने न्यायला यायचं असतं. तो येतो, ओटीवर बसतो, चहा घेतो, पावसापाण्याचं बोलतो. झाल्या गोष्टीचा विषय कुणी काढत नाही. मग बाई आतून पिशवी घेऊन बाहेर येते. माफी वगैरे कुणी मागत नाही, ते येणं हीच माफी. माझी बायको दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा मी गप गुमान सासुरवाडीच्या ओटीवर जाऊन बसलो होतो. ताई चाळीस वर्षांच्या संसारात कधीच आली नव्हती. ही पहिली वेळ.

आणि तिला परत जायचं होतं. पेणच्या मागच्या दारी तिने लावलेलं अळू होतं, मिरच्या होत्या, शेजारणी होत्या. माझ्या घरात ती पाहुण्यासारखी कडेकडेने वावरायची. रस्त्यावर रिक्षा थांबली की हातातलं काम थांबायचं. मी एकदा चिडून विचारलं, "किती दिवस वाट बघणार गो?"

"मिरगापर्यंत बघू," ती म्हणाली.

मला वाटलं, शेतकऱ्याच्या घरातली बाई, पेरणीच्या हिशेबाने बोलतेय.

दोन महिने भाऊजींचा फोन नाही. मग वैशाखात आला तो मला आला. "जरा येऊन जा," म्हणाले. "यंत्र गुणगुणतंय." ताईबद्दल एक शब्द नाही.

मी फोन ठेवून ताईला सांगितलं तेव्हा मला आनंद लपवता येत नव्हता. बरी जिरली, असंच वाटत होतं. ताईला हसू फुटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पंधराएक दिवस, म्हणतात."

"अजून वाढंल," ती म्हणाली. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तू जा. नुसता बघून ये. कशाला हात लावू नको. काय सांगू पण नको."

"मग जाऊ कशाला?"

"जेवतायत का ते बघ."

मला वाटलं, नवऱ्याचं काम फुकटात करू नये एवढाच तिचा राग आहे. मी "बरं" म्हणालो आणि टेस्टर, पक्कड, टेस्ट लॅम्प पिशवीत टाकले. सवयीने टाकले, असं मी स्वतःला सांगितलं. रोह्याहून दिवा जंक्शनला जाणारी गाडी घेतली. निडी, नागोठणं, कासू, पेण, सबंध वाट मी मनातल्या मनात भाऊजींशी भांडत होतो आणि दर स्टेशनाला जिंकत होतो.

दार उघडलं तेव्हा भाऊजींच्या शर्टाचं एक बटण नव्हतं. गळ्याची हाडं दिसत होती. ओट्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, पातेल्यात कालची खिचडी. मला कीव यायला हवी होती. आली नाही.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "इथली पॉवरच खराब आहे."

पुढच्या खोलीत स्पीकरमधून जाडसर गुणगुण येत होती. गाणं सुरू असताना खाली दबायची, दोन गाण्यांच्या मधे वर यायची. भाऊजींनी पंधरा दिवसांत काय केलं होतं? दुसरी वायर मागवली होती. पहिलीपेक्षा जाड. पहिलीतून बाहेरचा त्रास आत येत असणार, असं मोबाइलवर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. दोन मखमली डब्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. बायको गेली तर डबीतली वायर घरात आली.

ताईने सांगितलेलं माझ्या लक्षात होतं. मी खरंच आधी नुसता बघत उभा राहिलो. पण भाऊजी बोलायला लागले. शांतता कशी काळी व्हायला हवी, खालचे सूर कसे मोकळे व्हायला हवेत, आणि साध्या वायरमनला हे का कळत नाही.

मग माझ्याने राहवेना. कपाटावर जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. त्याची काळी वायर काढली आणि यंत्राला लावली. गुणगुण होती तेवढीच.

"उलट वाढली," भाऊजी म्हणाले.

मी यंत्राच्या पत्र्याला बोटांची मागची बाजू टेकवली. झिणझिण्या आल्या. तिथेच मला कळलं. टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे होल्डरमधला साधा बल्ब आणि दोन वायरी. एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला, बल्ब लख्ख लागला. दुसरी काढून अर्थला लावली. बल्बची तार नुसती लाल झाली, विझत्या उदबत्तीसारखी.

मी मागच्या दारी गेलो. धुण्याचा दगड कोरडा ठणठणीत होता. अळू करपून गेलं होतं. खड्ड्यावरच्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा, आणि नरसाळ्यात कोळ्याने जाळं केलेलं.

हात लावू नको, काय सांगू नको, असं ताईने बजावलं होतं. मला ते आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरी मी बादली उचलली. भाऊजींच्या तोंडून एकदा 'तुझं बरोबर' एवढं ऐकायचं होतं मला. एकोणीस वर्षं वाट बघितली होती त्याची.

पाइपात आणि भोवती मिळून सात बादल्या पाणी ओतलं. कोरड्या मातीने ते घटाघटा प्यायलं. भाऊजी दारात उभे राहून बघत होते. मी त्यांना आत नेलं आणि अर्थला लावलेला बल्ब दाखवला. तो आधी लाल, मग पिवळा आणि अर्ध्या तासाने चांगला पांढरा झाला. स्पीकरमधली गुणगुण पातळ होत होत गेली. संपली. यंत्राला अजून कॉम्प्युटरची काळी वायरच लावलेली होती.

"ऐका आता," मी म्हणालो. "ही वायर कुठल्याही दुकानात मिळते. तुमच्या दोन्ही डब्या नेऊन टाका पाताळगंगेत. दोष वायरीत नव्हता, जमिनीत होता. आणि पत्र्यावर वीज बसली होती ती वेगळीच. ओल्या हाताने धरलं असतं तर गेला असतात." आवाज चढवायचा नाही हे मी त्या दिवशी विसरलो. शेजारच्या खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहिलं. मला बरं वाटलं.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली वाकले, काळी वायर काढली आणि नवी जाड निळी वायर लावली. बाण नीट बघून.

"आता हिचा खरा गुण कळेल," ते म्हणाले.

मी त्यांचा गळा धरला नाही, याचं श्रेय माझ्या आईला आहे. मी पिशवी उचलली. दारात थांबून म्हणालो, "एकोणीस वर्षं त्या खड्ड्यात ताई पाणी घालत होती. म्हणून तुमचं यंत्र गुणगुणलं नाही."

"असं?" भाऊजी म्हणाले. "किती घालायची?"

"ते तिलाच विचारा," मी म्हणालो, आणि हे फार हुशारीचं बोललो असं मला वाटलं. विचारायला तरी फोन करतील. फोनवरून बोलणं निघेल. मग न्यायला येतील. परतीच्या गाडीत मी खिडकीत बसून सबंध वाट खुशीत होतो.

घरी आलो तेव्हा ताई मागच्या पडवीत भिजलेले वाल सोलत बसली होती, डाळिंब्यांच्या उसळीसाठी. तिने पहिला प्रश्न विचारला, "जेवतायत का?"

"खिचडी होती," म्हणालो, आणि मग मी सगळा पराक्रम सांगितला. काळी वायर, बल्ब, सात बादल्या. नक्कल करून सांगितला. माझी बायको हसली. ताईचे हात थांबले होते.

"अधनंमधनं घालत होतीस ना पाणी?" मी विचारलं.

"अधनंमधनं कशाला? गुणगुण लागली की घालायची," ती म्हणाली. "मी मागं भांडी घासत असायची. आतमधे गाण्याच्या खाली एक बारीक सूर लागायचा. त्यांना नाय ऐकू यायचा. मला दोन दोन दिवस आधी यायचा. मग बादली ओतायची की जायचा."

"त्यांना कधी सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? त्यांना ऐकू आला असता तर सांगितलं असतं."

मी खाली बसलो. काळी शांतता ऐकू येणारा तो माणूस पुढच्या खोलीत एकुलत्या एका खुर्चीवर बसून मान डोलवत होता, आणि त्याच्या यंत्रातला खोटा सूर मागच्या दारी भांड्यांच्या आवाजात माझी बहीण हुडकून काढत होती. एकोणीस वर्षं. मिक्सरचे कान!

मग हळूहळू मला पुढचंही कळायला लागलं. माती वाळत जाणार, गुणगुण वाढत जाणार, वायरींवर वायरी येणार आणि कशाने काही होणार नाही. मग त्या घरातून काय गेलंय, ते त्या माणसाला कधीतरी ऐकू येईल. मिरगाचा पाऊस लागला की खड्डा आपोआप भिजणार होता. म्हणून मिरगापर्यंत. तिने तेवढीच मुदत ठेवली होती, आणि ती मी सात बादल्यांत बुडवली.

"मला तसं सांगायचंस तरी," मी म्हणालो.

"नुसता बघून ये म्हटलं होतं," ताई म्हणाली. तिने पुन्हा वाल सोलायला घेतले. "तुला खड्डा दिसला. जिंकलास ना पण?"

मीही मूठभर वाल पुढ्यात ओढले आणि सोलायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला, ताईच्या मोबाइलवर. तिचे हात पिठाचे होते, म्हणून माझ्या बायकोने तो स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला. आम्ही तिघंही ऐकत होतो.

"किती बादल्या घालायच्या?" भाऊजींनी विचारलं.

"उन्हाळ्यात दोन."

"रोज?"

"रोज नाय. चार दिवसांनी."

"आणि मीठ? जाडं की बारीक?"

"जाडं. दोन मुठी. दिवाळीला एकदा."

"बरं," भाऊजी म्हणाले. फोन ठेवला नाही. ताईने पिठाचे हात परातीच्या कडेला टेकवले. मग त्यांनी विचारलं, "अळूला पण तेच पाणी चालेल का?"

"चालेल," ताई म्हणाली. "मीठ घातलेलं नको."

फोन बंद झाला. ताईने कणीक पुन्हा मळायला घेतली, चांगली मळून झाली होती तरी.

मिरग लागला. पाऊसही वेळेवर आला. रिक्षा थांबली तरी ताईचं काम आता थांबत नाही, हे माझ्या बायकोने मला दाखवून दिलं. त्या दिवशी मी ठरवलं की शिकवलेलं सगळं बाजूला ठेवायचं. ओटीवर गेलो, भाऊजींना फोन लावला. ताई मागच्या पडवीत होती, मधे दोन खोल्या आणि कौलांवर पावसाचा आवाज. तरी फोन मी कानाशी घट्ट दाबून धरला आणि हळू बोललो.

"भाऊजी, न्यायला या. नुसते येऊन बसा. चहा घ्या. कुणी काही बोलणार नाही."

"मी कुठे तिला जा म्हटलं होतं?" ते म्हणाले. "दार उघडंच आहे. यायचं तर येऊ दे." मग त्यांचा आवाज खुलला. "आणि अरे, आता एकदा येऊन ऐकून जा तू. काय स्वच्छ झालंय! मी म्हणत नव्हतो, वायरीने फरक पडतो?"

मी फोन कापला. तोंडात आलेली शिवी तोंडातच राहिली. पडवीत गेलो तेव्हा ताई सूप मांडीवर घेऊन वाल निवडत होती. तिने वर बघितलं नाही.

"काय म्हणाले?"

"लागलाच नाय फोन," मी म्हणालो. "रेंज नाय पावसामुळं."

तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"लागला होता," ती म्हणाली. "हिथपर्यंत ऐकू आला मला. स्वच्छ."